शंभरचा वेग नेमका कुठे अडतो?

मा. संपादक,

महोदय,

गोव्यात कनिष्ठ लघुलेखकाच्या जागांची जाहिरात आली की शॉर्टहँडचे वर्ग भरतात आणि स्किल टेस्ट आटोपली की ओस पडतात. अट बहुधा ठरलेली: शॉर्टहँड मिनिटाला 100 शब्द, टायपिंग 35, कोकणीचे ज्ञान आवश्यक, मराठी येत असल्यास उत्तम. बारावी झालेली, इंग्रजी बरे असलेली, वर्षभर क्लास केलेली मुलेही 80 वर येऊन थांबतात. मग घरीदारी एकच निदान होते, ‘हात चालत नाही’. निदान चुकीचे, आणि त्यावरचा उपाय, म्हणजे रोज आणखी एक नवे डिक्टेशन, त्याहून चुकीचा. म्हणून हे पत्र.

हात चालतो की नाही हे तपासायला एक मिनिट पुरते. 80 वर अडलेल्या विद्यार्थ्याला ‘आय ॲम डायरेक्टेड टू स्टेट दॅट’ ही सरकारी पत्राची ठरलेली सुरुवात मिनिटभर पुन्हा पुन्हा लिहायला लावा आणि शब्द मोजा. तो 120 च्या सहज पुढे जातो. आता त्यालाच ‘रिहॅबिलिटेशन’ सांगा. पेन्सिलचे टोक कागदावर टेकते आणि तिथेच राहते. आरची रेषा वर जाणारी की खाली येणारी, शेवटच्या ‘शन’ची हुकासारखी खूण कुठल्या बाजूला, हा हिशेब डोक्यात चालू असतो आणि सांगणारा पुढच्या वाक्यात पोचलेला असतो. 100 च्या वेगात एका शब्दाच्या वाट्याला 0.6 सेकंद येतात. तीन सेकंद अडलात की पाच शब्द गेले. दहा मिनिटांच्या हजार शब्दांत असे वीस वेळा झाले तर शंभर शब्द वहीत नाहीतच. म्हणजे कमी करायचे आहे ते अडखळणे. हाताला दोष देऊन काही होणार नाही.

रोज नवा उतारा घेतल्याने अडखळणे कमी होत नाही, कारण अडलेला शब्द पुन्हा समोरच येत नाही. एकच उतारा पाच-सहा वेळा कामाला लावला तर फरक पडतो. 400 शब्दांचा उतारा घ्या. दर 20 शब्दांनंतर पेन्सिलने तिरकी रेघ मारा. ही रेघ सांगणाऱ्यासाठी: 80 च्या वेगाला रेघेपासून रेघेपर्यंत 15 सेकंद, 100 ला 12, 120 ला 10. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत कोणीही घरचे माणूस हे सांगू शकते, फक्त इंग्रजी वाचता आले पाहिजे. पहिल्यांदा उतारा 80 ने घ्यावा. संपल्यावर वही न मिटता जिथे हात थबकला, जिथे खाडाखोड झाली, जिथे जागा सुटली, त्या प्रत्येक शब्दाभोवती गोल करावा. 400 शब्दांत असे पंधरा-वीस गोल निघाले तर घाबरण्याचे कारण नाही. पन्नास निघाले तर तो उतारा सध्या बाजूला ठेवावा.

गोल केलेल्या प्रत्येक शब्दाची आउटलाइन, म्हणजे त्याची रेषाकृती, शॉर्टहँडच्या शब्दकोशात बघायची. अंदाजाने बनवलेली आउटलाइन घोटली तर चूकच पक्की होते. मग एका शब्दाची एक ओळ, शब्द तोंडाने म्हणत. दोन ओळी नकोत, कारण दुसऱ्या ओळीला हात चालतो आणि डोके झोपलेले असते. त्यानंतर उताऱ्याचे 100-120 शब्दांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा 120 च्या वेगाने दोनदा घ्यावा. इथे चार-पाच शब्द सुटले तरी हरकत नाही. त्याहून जास्त सुटू लागले किंवा लिहिलेले वाचताच येईना तर वेग 110 वर आणावा. शेवटी सबंध उतारा 100 ने, एका दमात. वरच्या वेगाला धावून आलेल्या हाताला आता 100 संथ वाटतो, आणि हे वाटणेच आपल्याला हवे असते. सगळे मिळून तासाभराचे काम आहे.

एक मिनिटाचे तुकडे ही सुरुवात झाली. त्यावर कायमचे राहिले की दुसरी गोची होते. परीक्षा दहा मिनिटांची असते, आणि पाच मिनिटे 100 ने लिहिणारा सातव्या मिनिटाला कोसळताना दिसतो. मनगट दुखते, अक्षर मोठे होते, लक्ष उडते. म्हणून एक, दोन, तीन, पाच, सात, दहा अशी लांबी वाढवावी आणि आठवड्यातून दोनदा तरी पूर्ण दहा मिनिटे बसावे. घोटलेल्या उताऱ्यावर 110 आला म्हणून मिठाई वाटू नये. वेग धरायचा तो कधीच न ऐकलेल्या उताऱ्यावरचा, आणि तो बहुधा 15-20 ने कमी असतो. तीन वेळा जुने, एक वेळ नवे, हे प्रमाण बरे पडते. 80 चा 100 व्हायला रोज दीड तास देऊनही चार ते सहा महिने लागतात, हे पालकांनी आधीच मान्य करावे. अर्ज भरल्यावर सुरू केलेला सराव या भरतीला उपयोगी पडत नाही. पुढच्या भरतीला पडेल.

आणखी एक सवय अंगी बाणवावी लागते: मागे राहून लिहिण्याची. शब्द कानावर पडताच लिहायला धावणारा फ्रेज, म्हणजे अनेक शब्दांची एकच आकृती, जोडू शकत नाही, कारण पुढचा शब्द त्याने ऐकलेलाच नसतो. दोन-तीन शब्द डोक्यात ठेवून लिहिले तर ‘इट हॅज बीन’ एका जोडणीत उतरते आणि पेन्सिल दोनदा उचलण्याचा वेळ वाचतो. शब्द सुटलाच तर बोटभर जागा सोडून पुढे जायचे. सुटलेला एक शब्द आठवत बसणारा पुढचे दहा घालवतो.

आता ज्या गोष्टीकडे क्लासमध्ये सर्वांत कमी वेळ जातो ती. लिहिलेले वाचणे. डिक्टेशन संपले की लगेच वाचून दाखवणारा विद्यार्थी स्मरणशक्तीच्या जोरावर वाचतो. वहीत काय आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी, मूळ उतारा न बघता. कालच्या नोट्समध्ये जे वाचता येत नाही ते बारकाईने पाहिले तर बहुतेक वेळा दोष आकाराचा निघतो.

पिटमनच्या, म्हणजे रेषांनी उच्चार लिहिण्याच्या, शॉर्टहँड पद्धतीत रेषेची लांबी हेच अक्षर आहे. पाठ्यपुस्तकातली पूर्ण रेषा साधारण 4 मिलिमीटर. ती अर्धी केली की शेवटी टी किंवा डी जोडला जातो, वक्र रेषा दुप्पट केली की टर, डर, दर. हात धावू लागला की पहिले काय होते? अर्धी रेषा पाऊण होते आणि पूर्ण रेषाही पाऊण होते. दोघी सारख्या दिसू लागल्या की दुसऱ्या दिवशी ‘कट’ आहे की नुसता के, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शेवटाचे तसेच. एकाच पी रेषेला लहान वर्तुळ जोडले की ‘पोज’, मोठे वर्तुळ जोडले की ‘पोजेस’, रेषेच्या निम्म्या लांबीचा लूप जोडला की ‘पोस्ट’, दोन तृतीयांश लांबीचा लूप की ‘पोस्टर’. घाईत वर्तुळ लांबट होते, लूप फुगतो, आणि चार शब्दांचा एक होतो. यावर उपाय आकार मोठे करणे हा नाही. लहान ते अधिक लहान करावे. अर्धी रेषा मुद्दाम 2 मिलिमीटरहून आखूड काढायची सवय लावली की वेगात ती वाढून योग्य मापावर येते.

दुसरा दोष जागेचा. ‘मॅटर’ आणि ‘मदर’ या दोन्ही शब्दांना दुप्पट केलेली एम हीच रेषा. पहिला ओळीच्या वर, दुसरा ओळीवर, कारण पहिल्या स्वराची जागा तशी आहे. वेगात सगळेच ओळीवर बसू लागले की ‘द मॅटर इज अंडर कन्सिडरेशन’ या वाक्यात आई विचाराधीन होते. हसू येते खरे, पण त्या वाक्यावर एक पूर्ण चूक लागते. ‘अव्हेलेबल’ आणि ‘व्हॅल्युएबल’ ही अशीच ठरलेली जोडी. इथे ‘अव्हेलेबल’चा सुरुवातीचा स्वर, एरवी वेगात गाळतात तो, लिहायचाच, वेग कितीही असो. स्वर सगळीकडे लिहीत बसणारा मागे पडतो, कुठेच न लिहिणारा फसतो. सव्वाशे-दीडशे अशा जोड्यांची यादी करून ठेवली की तेवढ्यापुरते स्वर हातातून आपोआप पडतात.

साहित्याबद्दल थोडक्यात. बॉलपेनने जाड-बारीक रेषेतला फरक निघत नाही, आणि पी-बी, टी-डी हा फरक त्यावरच उभा आहे. एचबी पेन्सिल चांगली, दोन्ही टोकांना तासलेली, आणि बाजूला आणखी दोन. वही वरून उलटणारी, पानाच्या मधोमध उभी घडी. लहान ओळ म्हणजे हाताचा कमी प्रवास. पान संपत आले की डाव्या हाताने त्याचा खालचा कोपरा उचलून कागद वर सरकवत राहावे. पान उलटताना दोन सेकंद जातात, ते असे वाचतात.

मोबाइलवरच्या रेकॉर्ड केलेल्या डिक्टेशनांनी मोठी सोय केली आहे, पण त्यांचेही काही दोष आहेत. 80 ची फाइल 1.25 पट केली की 100 होते, हे गणित बरोबर. मात्र त्यात वाक्यांमधले विरामही आक्रसतात. माणूस 100 ने सांगतो तेव्हा तो अवघड शब्दावर किंचित थांबतो, सोप्या शब्दांवरून घसरतो. शिवाय कानात इअरफोन, खोलीत शांतता, आवाज एकच. परीक्षेच्या हॉलमध्ये पंखा घरघरतो, कोणीतरी खोकतो, सांगणाऱ्याचा आवाज नवखा असतो. फाइल वापराव्यात, आठवड्यातून दोन दिवस तरी जिवंत माणसाकडून घ्यावे, आणि दर वेळी तेच माणूस नको.

गोव्यातल्या विद्यार्थ्याची खास अडचण उताऱ्यांची आहे. बाजारात मिळणारी डिक्टेशनची पुस्तके दिल्लीच्या नोकऱ्यांसाठी केलेली. त्यांत संसदेतली भाषणे, रेल्वे, पंचवार्षिक योजना. इथल्या कार्यालयात बसल्यावर कानावर पडते ते मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), मामलेदार (तालुक्याचा महसूल अधिकारी), इन्व्हेंटरी प्रोसीडिंग (वारसांतल्या वाटणीचे प्रकरण), फॉर्म वन अँड फोर्टीन (जमिनीच्या नोंदीचा उतारा). ‘गोवा, दमण अँड दीव’ हे तर जुन्या कायद्यांच्या नावांत पदोपदी येते: 1964 चा कृषी कूळ कायदा, 1968 ची जमीन महसूल संहिता, 1975 चा मुंडकार कायदा. या चार शब्दांची एक जोडणी हातात बसवली नाही तर दर वेळी दोन सेकंदांचा भुर्दंड. डिपार्टमेंटसाठी डीची रेषा आधीच्या रेषेला छेदून काढतात, कंपनीसाठी केची. तसेच पंचायत, कोमुनिदाद, मामलेदार यांसाठी स्वतःचे छेद ठरवता येतात. ती रेषा दुसऱ्या शब्दाला आधीच दिलेली नाही एवढे बघावे आणि एकदा ठरवले की बदलू नये.

गावांची नावे हा तर आपल्याकडचा वेगळाच तमाशा. शॉर्टहँड उच्चाराने चालते आणि टायपिंग स्पेलिंगने. साहेब ‘केपे’ म्हणतात, टाइप करायचे ते क्यू-ने सुरू होऊन एम-ने संपणारे. साहेब ‘डिचोली’ म्हणतात, हात डी काढतो, स्पेलिंग मात्र बी-ने सुरू होते. त्याच फाइलवर बाहेरून आलेला अधिकारी ‘बिचोलिम’ म्हणतो. पेडण्याचे, हरमलचे, हळदोण्याचे तेच. स्पेलिंगच्या शेवटचा तो पोर्तुगीज वळणाचा एम गोवेकराच्या उच्चारात नसतो, तेव्हा आउटलाइनमध्येही तो नको. बारा तालुके आणि नेहमी येणारी दीडशे-दोनशे गावे यांची वही करावी: एका रकान्यात नाव, दुसऱ्यात एकच ठरवलेली आउटलाइन, तिसऱ्यात अधिकृत स्पेलिंग. कानावर कुठलाही उच्चार पडो, हातातून ती ठरलेली आउटलाइनच निघाली पाहिजे. उताऱ्यांसाठी राजपत्रातल्या अधिसूचना आणि विधानसभेच्या कामकाजाचे वृत्तांत यांच्याइतके योग्य साहित्य दुसरे नाही. आकडेही त्यातच सापडतात: चौरस मीटर, सर्व्हे नंबर, लाख आणि कोटी. आकडा वहीत आकड्यानेच लिहावा, पण लाख-कोटीसाठी शून्ये काढत बसू नये, खूण ठरवावी.

मराठी लघुलेखनाबद्दल दोन शब्द, कारण राजभाषा कायद्याने मराठीला शासकीय वापरासाठी जागा आहे आणि महाराष्ट्रात तर 80 चा लघुटंकलेखक, 100 चा निम्नश्रेणी, 120 चा उच्चश्रेणी अशा पायऱ्याच आहेत. मराठीचे 100 आणि इंग्रजीचे 100 एक नव्हेत. ‘मुख्यमंत्र्यांनी सांगितल्याप्रमाणे’ हे मोजायला दोन शब्द. हेच इंग्रजीत सहा शब्दांना जाते. शब्दसंख्या कमी, लिहायचे मात्र तेवढेच. म्हणून मराठीत भर द्यायचा तो शब्दाच्या शेपटीवर: साठी, कडून, प्रमाणे, बाबत, संदर्भात यांना प्रत्येकी एकच ठरलेली खूण. आणि वाक्याच्या शेवटावर. ‘करण्यात येत आहे’, ‘करण्यात आलेली आहे’, ‘देण्यात यावी’ हे कार्यालयीन मराठीचे ठरलेले शेवट आहेत. ते एका जोडणीत बसले की दर वाक्यामागे श्वास घ्यायला जागा मिळते. आपल्या अग्रलेखावर 20-20 शब्दांच्या रेघा मारल्या की मराठीचा उतारा तयार होतो, आणि तो रोज नवा.

टायपिंगच्या टप्प्यावर पुष्कळांची केलेली मेहनत वाया जाते. केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या क श्रेणी लघुलेखक परीक्षेचे उदाहरण घ्या: 100 च्या वेगाने दहा मिनिटे, आणि इंग्रजी ट्रान्सक्रिप्शनला, म्हणजे नोट्स वाचून टाइप करायला, 40 मिनिटे. 35 च्या टायपिंगने हजार शब्दांना साडेअठ्ठावीस मिनिटे लागतात, म्हणजे अकरा-साडेअकरा मिनिटे उरतात. पण 35 हा छापील मजकूर बघून केलेल्या टायपिंगचा वेग. नोट्स वाचत टाइप करताना तो 25 वर आला तर बरोबर 40 मिनिटे होतात आणि तपासायला एक मिनिटही राहत नाही. म्हणून शॉर्टहँड 100 झाले तरी टायपिंग 45 च्या आसपास हवे, आणि आठवड्यातून किमान तीन उतारे नोट्सवरून टाइप करून मूळ मजकुराशी शब्दन् शब्द ताडून बघावेत. सुटलेला, बदललेला, जादा घातलेला शब्द ही पूर्ण चूक. स्पेलिंग, कॅपिटल, एकवचन-अनेकवचन यांच्या बहुधा अर्ध्या. चुका मोजून सोडून देऊ नयेत, त्यांची जात लिहावी. कोणाचे ‘द’ आणि ‘ॲन’ गळतात, कारण त्यांचा ठिपका आणि टिक घाईत पडतच नाहीत. कोणाचा ‘ॲप्रूव्ह्ड’चा शेवटचा डी जातो आणि मंजूर झालेला प्रस्ताव मंजूर व्हायचा राहतो. दोन आठवड्यांच्या वह्या समोर ठेवल्या की प्रत्येकाच्या चुका तीन-चार जातींतच बसताना दिसतात.

मोबाइल ऐकून लिहितो, आता शॉर्टहँड कशाला, असे विचारणारे आहेत. ज्या सभागृहात एका भाषणात कोकणी, मराठी आणि इंग्रजी मिसळते आणि खाली बसलेले दोघे त्याच वेळी बोलतात, तिथे त्या मोबाइलने काय लिहिले ते एकदा वाचून बघावे. तो वाद इथे पुरे.

भरती करणाऱ्यांकडे मात्र तीन मागण्या आहेत. जाहिरातीत नुसते 100/35 न छापता डिक्टेशन किती मिनिटांचे, ट्रान्सक्रिप्शनला वेळ किती, पूर्ण आणि अर्धी चूक कशाला म्हणणार आणि किती टक्के चुका चालणार, हे आधीच छापावे. परीक्षेआधी त्याच आवाजात, त्याच माइकवर दोन मिनिटांचे सरावाचे डिक्टेशन द्यावे, म्हणजे मागच्या बाकावर आवाज पोचतो की नाही ते तेव्हाच कळेल. आणि झालेल्या परीक्षांचे उतारे, रेघांसह, नंतर सर्वांसाठी खुले करावेत. त्याला छपाईचाही खर्च नाही, आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या मुलांना इथल्या भाषेतला, इथल्या नावांचा सराव घरबसल्या मिळेल.

आपला विश्वासू,
लघुलेखनाचा एक शिक्षक, फोंडा